गोठलेले भाडे

१८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, हे आपण स्मरणिकेत वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. यंदा गणपतीऐवजी चाळीच्या भाड्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांपैकी क्वचितच असे असेल, ज्याचे कोणी ना कोणी गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत राहिले नाही. परीक्षेला, मुलाखतीला, मुलगी पाहायला गेलेले आपण सारे त्याच खोल्यांत गॅलरीत वळकटी पसरून झोपलो.

त्या खोलीचे भाडे इतके कमी का होते, आणि त्यातला फरक कोण भरत होते?

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पहिल्यांदाच गरिबाचे घर हा सरकारी विषय झाला. १८९८ मध्ये मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उठवलेल्यांसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम. रस्ते झाले, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याचीच कामे. पण जेवढी माणसे उठवली तेवढी घरे झाली नाहीत, आणि उरलेल्या चाळींतली गर्दी आणि भाडी दोन्ही वाढली. तरी ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी पुढे खूप जणांना तारून गेल्या. डॉ. आंबेडकर परळच्या अशाच चाळीत कित्येक वर्षे राहिले. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि या चाळींची घरमालक महापालिका झाली.

मधल्या काळात, १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता. पैसा कुठून आणायचा, तर शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवून. आम्हाला ही कल्पना आजही पटते. गिरणीमुळे माणसे आली, तर गिरणीच्या मालावरच त्यांच्या घरांचा भार पडावा, यात न्याय होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. वरळीतल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्याच पडल्या, कारण कामगाराला गिरणीजवळ राहायचे होते. सत्याग्रहाच्या काळात सरकारने त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग केला. घर कुठे हवे हे राहणाऱ्याला न विचारता बांधले की काय होते, याचा हा जुना दाखला.

युद्ध आले की भाडी भडकत. म्हणून १९१८ ला आणि पुन्हा १९३९ ला नियंत्रण आले आणि १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच ढोबळ मानाने ‘प्रमाणित भाडे’ ठरले. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, हाच कायदा आपल्याकडेही आला आणि १९६० नंतर गुजरातने तो पुढे चालू ठेवला. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांची गोष्ट त्यामुळे मुंबईपेक्षा फार वेगळी नाही. आपल्या मंडळात वाडेवाले आहेत तसे त्यांचे भाडेकरूही आहेत, आणि एकाच आरतीला उभे राहणाऱ्या या दोघांत हा विषय निघाला की प्रसादाचे ताट आडवे करून तो मिटवावा लागतो, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

दोघांचेही खरे आहे. कायदा नसता तर पगारदार, विधवा, पेन्शनर रस्त्यावर आले असते. पण ही मदत सरकारने आपल्या खिशातून दिली नाही, ती घरमालकाच्या खिशातून दिली. कौल बदलायचा खर्च महिन्याच्या भाड्यात निघेना, म्हणून कौल बदलले गेले नाहीत. नवा भाडेकरू घेताना हातात पगडी घ्यायची आणि पावती मात्र जुन्याच आकड्याची द्यायची, ही रीतही तेव्हाचीच.

यात सहसा कोणी न बोललेली एक गोष्ट आहे. मुंबईत घरपट्टी भाड्याच्या आकड्यावर ठरत असे. भाडे गोठले, म्हणजे महापालिकेचे उत्पन्नही गोठले. ज्या संस्थेने स्वस्त घरे बांधायची, जुनी सावरायची, तिच्याच तिजोरीला कुलूप लागले. भांडवली मूल्यावर घरपट्टी आकारायला मुंबईत २०१० उजाडले.

इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला. सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या. उपकर महापालिकेने गोळा करायचा, दुरुस्ती राज्याच्या मंडळाने करायची. जिना कोसळला की भाडेकरू महापालिकेकडे जाई, तिथून त्याला मंडळाकडे पाठवत, मंडळातून घरमालकाकडे. पुढे हे मंडळ म्हाडात गेले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे आता अवाजवी झाले आहे असे सांगितले; नव्या कायद्याने ३१ मार्च २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. साठ वर्षांपूर्वीच्या आकड्यावर ४ टक्के म्हणजे किती, हे वाचकांनीच काढावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटी घरांच्या चाव्या मिळाल्या, फुकट. बाकीच्या जागेवरची घरे बाजारभावाने विकून हा खर्च भागवायचा आहे. कापसाच्या गासडीची जागा आता जमिनीच्या भावाने घेतली आहे. आमच्या ओळखीचे एक कुटुंब त्या चाळींत आहे. चाळीचा गणपती नव्या इमारतीच्या कुठल्या मजल्यावर बसवायचा यावर त्यांची बैठक झाली, आणि लगेच दुसरी झाली ती लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे दरमहा बिल पुढे कोणी भरायचे यावर.