दुसरी पोथी फाडून

जुना कॅमेरा बिघडला की कारागीर एक वेळ सापडतो, सुटा भाग सापडत नाही. ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉन कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेला कॉन्टॅक्स-२ आमच्या हाती आला, तेव्हा त्याचे शटर मधोमध अडकून पडले होते. याच नमुन्याचा कॅमेरा घेऊन रॉबर्ट कापा ६ जून १९४४ रोजी ओमाहा किनाऱ्यावर उतरला होता. याचे शटर कापडी नाही. धातूच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत गुंतवून केलेला पडदा दुकानाच्या शटराप्रमाणे वरून खाली धावतो आणि सेकंदाच्या १/१२५० भागापर्यंत वेग गाठतो. त्याला तोलून धरतात दोन रेशमी फिती. धातू टिकतो, रेशीम कुजते.

फीत नवी घालता येते. दोहोंची लांबी मात्र तंतोतंत एक हवी, नाहीतर पडदा तिरका ओढला जातो. आमच्या यंत्रात तसे होऊन पट्ट्याही वाकल्या होत्या. आता पडदाच हवा होता, आणि तो घडवणारे कोणी उरलेले नव्हते.

पण तो कीव्हमध्ये घडत असे. फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावात ड्रेस्डेन बेचिराख झाले. युद्धानंतर सोव्हिएत संघाने भरपाई म्हणून जर्मनीतील कारखानेच्या कारखाने उचलून नेले. कॉन्टॅक्सची निर्मितीव्यवस्था येना येथे पुन्हा उभी करवून घेण्यात आली व साच्यांसह, तयार भागांसह कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात हलवली गेली. तेथे ‘कीव्ह’ या नावाने तोच कॅमेरा थेट १९८० च्या दशकापर्यंत निघत राहिला. सुरुवातीच्या कीव्हच्या पोटात तर जर्मन बनावटीचेच भाग आहेत. पुढे पुढे कामाची सफाई उतरत गेली.

कारागिराने आमच्यापुढे दोन कीव्ह ठेवले. एकाचा क्रमांक ४९ ने सुरू होणारा, दुसऱ्याचा ७५ ने. हे पहिले दोन आकडे सामान्यतः निर्मितीचे वर्ष सांगतात. जुन्याचा पडदा हात न लावता बसेल, नव्याचा घासून बसवावा लागेल, असे त्याचे म्हणणे. मोह पहिल्याचाच होता.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ही अडचण ओळखीची वाटेल, पण एक फरक आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना एका पोथीचा पाठ स्वीकारला म्हणून दुसरी फाडली गेली नाही. नाकारलेले पाठही तळटीपांत जपले गेले. यंत्राच्या दुरुस्तीत दुसरी पोथी फाडावीच लागते. आणि १९४९ चा कीव्ह ही साधी नक्कल नव्हे. एका शहराची विद्या दुसऱ्या शहरात कशी नेली गेली, याचा पुरावा त्याच्या स्क्रूंमध्येच आहे.

आम्ही ७५ चा पडदा घेतला. तो घासण्यात तीन आठवडे गेले, आणि सर्वांत वरचा वेग अजूनही भरवशाचा नाही. वाकलेल्या मूळ पट्ट्या एका डबीत कॅमेऱ्यासोबत ठेवल्या आहेत. कोणत्या क्रमांकाच्या कीव्हमधून काय घेतले, ती चिठीही तिच्यातच आहे.