वखार कशाची बांधायची? लाकूड, बीड आणि विम्याचा हप्ता

घर बांधणारा माणूस लाकूड-दगड स्वतःच्या सोयीने निवडतो. भाड्याने द्यायची वखार बांधणाऱ्याचं तसं नसतं. इमारत त्याची, आतला कापूस दुसऱ्याचा आणि जळालं तर पैसे मोजणारा तिसराच, म्हणजे विमा कंपनी. वखारीचं साहित्य या तिघांच्या ओढाताणीत ठरतं, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायला एकोणिसाव्या शतकातलं लिव्हरपूल फार उपयोगी पडतं.

तेव्हा तिथल्या बहुतेक वखारी खासगी मालकांच्या होत्या. भिंती विटांच्या, पण तुळया, खांब आणि तक्तपोशी लाकडाची. बांधायला स्वस्त, भाडं लगेच सुरू. आत मात्र कापसाच्या गाठी, राळ, टर्पेंटाइन, म्हणजे पेटायला निमित्तच हवं. सप्टेंबर 1842 मध्ये फॉर्म्बी स्ट्रीट भागात मोठी आग लागली, वखारींच्या रांगा जळाल्या आणि विम्याचे हप्ते भडकले. आता व्यापाऱ्याचा हिशेब बघा: त्याच्यासाठी साठवणीचा खर्च म्हणजे भाडं अधिक हप्ता. भाडं कितीही कमी असलं तरी हप्ता जड असेल तर ती वखार महागच.

गोदीचे अभियंते जेसी हार्टली यांच्यापुढे नेमका याच वेळी अल्बर्ट डॉकच्या वखारींचा प्रश्न होता. लाकूड, की बीड आणि वीट? दुसरा पर्याय बराच महाग. हार्टलींनी 1843 मध्ये सुमारे 18 फूट बाय 10 फुटांच्या नमुना खोल्या उभारल्या, त्यात लाकूड आणि डांबर भरलं आणि सरळ पेटवून दिल्या. (प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात असं काही लिहायला मिळालं तर काय मजा येईल!) शेवटी ठरलं ते असं: बिडाचे पोकळ खांब, बिडाच्या तुळया, त्यांच्यामध्ये विटांच्या कमानी आणि वर छपरालासुद्धा रिव्हेट मारलेले लोखंडी पत्रे. जुलै 1846 मध्ये प्रिन्स अल्बर्टच्या हस्ते गोदीचं उद्घाटन झालं. वखारींच्या सांगाड्यात लाकूड नाही, असा या इमारतींचा लौकिक आहे. खाली चिखलात मात्र बीच लाकडाचे 13 हजारांहून अधिक खुंट ठोकलेले आहेत. पाण्याखाली ना आग लागते ना हवा पोचते, त्यामुळे तिथे लाकूडच शहाणपणाचं. साहित्य चांगलं की वाईट हे जागा सांगितल्याशिवाय ठरत नाही, ते असं.

यावरून ‘लाकूड गेलं, लोखंड आलं, प्रश्न सुटला’ असं लिहायचा मोह होतो. जेम्स ब्रेडवूड यांनी तो वेळीच मोडला होता. लंडनच्या अग्निशमन दलाचे हे प्रमुख. हे दल चालवत होत्या विमा कंपन्याच, हे ध्यानात ठेवा. 1849 मध्ये त्यांनी स्थापत्य अभियंत्यांपुढे निबंध वाचला: बीड मोठ्या आगीत दगा देतं, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि मालाने खच्चून भरलेल्या, आडभिंती नसलेल्या प्रचंड वखारी विझवणं दलाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे नुसतं न जळणारं साहित्य पुरेसं नाही, खोलीचा आकारही तितकाच महत्त्वाचा. पण मोठी अखंड खोली मालकाला हवीच असते, जास्त गाठी मावतात ना!

22 जून 1861 रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरच्या वखारी पेटल्या. आग दोन आठवडे धुमसत होती. दोन वखारींमधली लोखंडी दारं उघडीच राहिली होती, असं सांगितलं जातं. ब्रेडवूड स्वतः कोसळत्या भिंतीखाली सापडून गेले. नुकसान सुमारे 20 लाख पौंडांचं. विमा कंपन्यांनी दर वाढवले, शिवाय दल चालवण्याचं ओझं आम्हाला नको, असं सरकारला कळवलं. 1865 च्या कायद्याने ते सार्वजनिक झालं. वखारमालकांच्या काटकसरीचा एक हिस्सा असा करदात्यांच्या खात्यावर गेला. लिव्हरपूलची गोष्ट नुसत्या स्थापत्याच्या अंगाने वाचली तर हा धागा हाताला लागत नाही.

लिव्हरपूलला जाणाऱ्या त्या गाठींत मुंबईचा कापूसही असायचा. मुंबईत कापसाचा बाजार टाउन हॉलसमोरच्या मैदानातून 1844 मध्ये कुलाब्याला गेला आणि 1920 च्या दशकात शिवडीला, पोर्ट ट्रस्टच्या नव्या गोदामांकडे. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनच्या नावात त्याची खूण आहे. ही गोदामं काँक्रीटची. काँक्रीटमध्ये लोखंड असतं, पण झाकलेलं; ब्रेडवूड ज्याला घाबरत होते ते उघडं बीड इथे नाही. ही निवड अभियंत्यांची, व्यापाऱ्यांची की विमा कंपन्यांची, हा माझा पुढचा प्रश्न. म्हणून तिथल्या नकाशांच्या आधी मी भाड्याचे आणि विम्याचे दर शोधायला घेतले आहेत.