बी-वेस्टर्न चित्रपट

अमेरिकेच्या पश्चिम भागातील काउबॉय-जीवनावर आधारलेले, अल्प खर्चात झटपट तयार होणारे, साधारण तासाभराचे हॉलिवुडपट.

१९३० नंतरच्या मंदीत चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली (पहा : महामंदी). जोडीतला दुसरा, स्वस्त म्हणजेच ‘बी’ चित्रपट पुरवण्याचे काम मोनोग्राम, रिपब्लिक (स्थापना १९३५) अशा छोट्या संस्थांनी उचलले.

खर्च वाचवण्यासाठी ठरावीक जागीच चित्रण होई; त्यामुळे लॉस अँजेल्सजवळचे आयव्हर्सन रँच आणि लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा टेकड्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसत. जुन्या चित्रपटांतील पाठलागाची दृश्येही नव्यांत जोडली जात. जीन ऑट्रीच्या ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’नंतर (१९३५) गाणारा काउबॉय रूढ झाला. अशाच गाणाऱ्या काउबॉय रॉय रॉजर्सइतकाच त्याचा घोडा ट्रिगरही लोकप्रिय होता. विल्यम बॉइडने हॉपलाँग कॅसिडी या काउबॉयची भूमिका ६६ चित्रपटांत केली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’चा (१९३७) नायक हर्ब जेफ्रीज होता; एरवी गोऱ्या नायकांनीच व्यापलेल्या या प्रकारात या चित्रपटाचे महत्त्व मोठे आहे.

जॉन वेनची उमेदवारी याच चित्रपटांत झाली. जॉन फोर्ड दिग्दर्शित ‘स्टेजकोच’ने (१९३९) त्याला मोठा नट केले (पहा : फोर्ड, जॉन).

१९४९ पासून बॉइडचे हॉपलाँग कॅसिडीचे चित्रपट दूरचित्रवाणीवर दिसू लागले. प्रेक्षक घरीच थांबू लागला आणि १९५४ च्या सुमारास चित्रपटगृहांसाठीच्या बी-वेस्टर्न मालिका बंद पडल्या.