उपाशी तरुण, स्थूल पुरुष आणि एक संप्रेरक

१/ फेब्रुवारी १९४५. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखाली असलेल्या प्रयोगशाळेत ३६ निरोगी तरुणांची उपासमार सुरू झाली. ती त्यांनी स्वेच्छेने पत्करली होती. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे हे तरुण होते. युद्धाने भुकेकंगाल झालेल्या युरोपला पुन्हा कसे पोसावे, हे शास्त्राला कळावे म्हणून त्यांनी आपली शरीरे देऊ केली.

२/ शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचे अन्न मिळाले. त्यात मुख्यतः बटाटे, सलगम, कोबी, पाव आणि मॅकरोनी असे. शिवाय दर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. अखेरीस त्यांचे वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले.

३/ नाडी मंदावली, थंडी सोसेनाशी झाली. त्याच वेळी कामेच्छाही जवळजवळ विझली. प्रेमसंबंध थंडावले. काही जण पाककृतींची पुस्तके जमवून त्यांत रमू लागले. हे सारे १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. परंतु या बदलामागे रक्तात नेमके काय घडले, हे कीज यांना मोजता आले नाही. त्या काळी तसे साधनच नव्हते.

४/ शोध मात्र जुना होता. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचे तुरे खुरटले, आरवणे आणि झुंजणे थांबले. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवताच कोंबडेपण परतले. जुने मज्जातंतू तर तुटलेले होते. म्हणजे संदेश रक्तातूनच जात असला पाहिजे.

५/ १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार यांनी कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हे संप्रेरक नगण्यच उतरणार होते, त्यामुळे परिणाम बहुधा मनाचाच होता. सुईतून पौरुष मिळवण्याचे स्वप्न मात्र तेव्हापासून कायमचे रुजले.

६/ १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकूर यांच्या चमूने सुमारे १०० किलो बैलवृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे कृत्रिमरीत्या तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना जाहीर झाले.

७/ द्रव्य हाती आले, तरी प्रत्येकाच्या रक्तातील त्याचा सूक्ष्म अंश मोजायचा कसा? ती वाट रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बेर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेल्या किरणोत्सर्गी मापनपद्धतीने खुली केली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बेर्सन तोवर निवर्तले होते.

८/ या मापनाने १९७० च्या दशकात दुसरे टोक उजेडात आणले. अतिस्थूल पुरुषांच्या रक्तातही टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. अन्नाची ददात नसलेल्या देहाची अवस्था या एका बाबतीत उपाशी देहासारखी का व्हावी?

९/ उत्तर अनेकपदरी आहे. चरबी हा केवळ साठा नाही. तिच्यातील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. स्थूलतेत वाढलेल्या इन्सुलिनमुळे हे संप्रेरक रक्तात वाहून नेणारे प्रथिन घटते. तीव्र स्थूलतेत तर मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीमार्फत वृषणांना जाणारा आदेशच मंदावतो.

१०/ म्हणूनच स्थूल पुरुषाचे वजन उतरले की आकडा चढतो. आधीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. आहारनियमनाने वजन सुमारे १० टक्के घटले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन सरासरी ३ नॅनोमोल प्रतिलिटरच्या आसपास वाढले. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घट ३२ टक्क्यांच्या घरात होती आणि वाढ जवळपास ९. प्रौढ निरोगी पुरुषात ही पातळी साधारण ९ ते ३२ असते, हे ध्यानात घेता ही वाढ लहान नव्हे.

११/ मग मिनेसोटाच्या तरुणांचे काय? त्यांचेही वजनच उतरले होते. हा दुवा १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागलेल्या लेप्टिनच्या शोधाने मिळाला. चरबी या संप्रेरकातून मेंदूला शिधा किती उरला आहे ते कळवत असते.

१२/ २००३ साली बोस्टनमधील संशोधकांनी निरोगी पुरुषांना ७२ तास उपाशी ठेवले. लेप्टिन घसरले, पाठोपाठ टेस्टोस्टेरॉनही. ज्या वेळी बाहेरून लेप्टिन दिले, त्या वेळी ही घसरण रोखली गेली. शिधा संपत आल्याची वार्ता पोहोचताच शरीर प्रजननाचे काम थांबवते. कीज यांच्या तरुणांची विझलेली इच्छा ही मनाची दुर्बलता नव्हती. ती देहाची काटकसर होती.

१३/ ही दोन टोके भारतीय वैद्यकानेही टिपली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही निंदित मानले आहेत. स्थूलाच्या आठ दोषांत मैथुनातील कष्ट हा एक दोष आहे, तर कृशाला अतिमैथुन सोसत नाही. संप्रेरकांची कल्पना नसलेल्या काळातील हे निव्वळ निरीक्षण आहे.

१४/ ब्राउन-सेकार यांचे स्वप्न आजही दुकानांत आणि व्यायामशाळांत विकले जाते. बाहेरून टोचलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूचा आदेश थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती घटवते. अपत्याची आस असलेल्या पुरुषाला हा सौदा महाग पडतो. उलट, स्थूलतेने मंदावलेला आदेश वजन उतरल्यावर पुष्कळदा आपसूक पूर्ववत होऊ लागतो.

१५/ वजन घटणे स्वतः गुणही नाही आणि दोषही नाही. ते कोणत्या देहातून, किती आणि कसे घटते, यावर सारे अवलंबून आहे. सलगम आणि बटाटे खाऊन २४ आठवडे काढणाऱ्या त्या तरुणांनी या प्रश्नाची एक बाजू आपल्या देहावर सोसून दाखवली. त्यांच्यातील अनेकांना पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही पूर्वस्थितीला येण्यास कित्येक महिने लागले.