प्रीतिभोजनाला उरलेले 14 तास

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पस्तीसेक. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांतली कर्ती माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं, म्हणजे नाताळ नेमका ऐन हंगामात येतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता एक दिवस थांबला की खाडा पडतो. नाताळाला गावात उरतात म्हाताऱ्या, पोरं आणि थोडे नोकरदार. पुण्या-मुंबईचे लोक 24च्या रात्री उशिरा पोचतात.

मागच्या नाताळात मंडळीनं ठरवलं की तोडीवरच्या आईबापांना एका रात्रीसाठी गावात आणायचं. पोरांचं नाटक त्यांनी बघायचं आणि मग सगळ्या गावासोबत प्रीतिभोजन. जेवणारे 300, वेळ संध्याकाळी 7. मंडळीचा सेक्रेटरी या नात्यानं त्या दिवसाची वही माझ्याकडे होती. पुढचं सगळं त्या वहीवरून.

पहाटे 5:00. 14 तास बाकी

नाताळफेरी नुकतीच परतली होती. रात्रभर घरोघर गाणी म्हणून दमलेली पोरं देवळातल्या सतरंजीवर आडवी झाली होती. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) तेवढ्यात आचाऱ्याचा फोन. "दादा, आज न्हाई जमायचं. तालुक्याला मोठं काम लागलंय." नोव्हेंबरात इसार घेतलेला माणूस. त्याच्यासोबत भट्ट्या गेल्या, पातेली गेली, झारे-पळ्या गेल्या, वाढपी गेले.

6:15

पाळकसाहेबांच्या ओट्यावर जमलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. पूर्वी प्रीतिभोजनाचा स्वयंपाक मंडळीच करायची. कंत्राट द्यायला लागून सात-आठ वर्षं झाली. ज्यांच्या हाताखाली तो स्वयंपाक व्हायचा त्या मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, जुनी पातेली माळ्यावर हायेत की. उतरवा." उतरवली. तांब्याची पातेली, आतली कल्हई पार उडालेली. अशा भांड्यात आंबट घातलेलं काही शिजवलं तर पोटात विष जातं. मावशींनी बोटानं घासून पाहिलं आणि मान हलवली.

7:30

मग गावात फिरलो. विठ्ठल मंदिराच्या सप्ताह कमिटीनं एका शब्दावर मोठी पातेली दिली, अट एकच, त्यात मटण शिजायचं नाही. ती अट रास्त होती. त्यांत भात, मटकीची उसळ आणि लापशी करायचं ठरलं. मटणासाठी मुलाणी काकांनी कंदुरीची देग काढून दिली. तांब्याची, ताजी कल्हई केलेली, 40 किलो मटण सहज मावेल अशी. देताना त्यांनी दोनदा बजावलं, "बूड गोल आहे बाबा हिचं. चूल खणून बसवा, नुसत्या विटांवर ठेवू नका. आणि उतरवायला चार गडी पाहिजेत."

ही वाक्यं वहीत आहेत. मुद्दाम सांगतो आहे.

10:00

उपासना झाली. देऊळ भरलं होतं. पुण्याची मंडळी नव्या कपड्यांत, फोटो झाले, केक वाटला. उपासनेनंतर मदतीसाठी हाक दिली. चौघं थांबले. बाकीच्यांना पाहुणे होते, जागरण झालं होतं, लहान मुलं होती. कारणं कुणाचीच खोटी नव्हती.

11:40

डीपीत मोठा आवाज झाला आणि गावठाणाची लाइट गेली. आता पिठाची गिरणी बंद. आचारी पुऱ्या तळणार होता. त्याऐवजी मावशींनी बाजरीच्या भाकरी ठरवल्या होत्या, प्रत्येक घरानं दहा-बारा थापायच्या. एका किलोत साधारण दहा भाकरी होतात, म्हणजे 40 किलोचं दळण. ते घेऊन दोन पोरं मोटरसायकलवर शेजारच्या गावाला गेली. नवातले दोन कमी झाले.

दुपारी 1:30. साडेपाच तास बाकी

नाटकात मरिया होणारी पोर चौथीत आहे. आईबाप दिवाळीपासून तोडीवर, ती आजीजवळ. तिनं येऊन विचारलं, "सर, पिकअप निघाली का?" माणसं आणायला पहाटेच पाठवलेली पिकअप कारखान्याच्या तळावर सकाळपासून उभी होती. मुकादमानं शब्द दिला होता, पण ट्रक भरल्याशिवाय माणसं सोडणार नाही म्हणाला. शेवटी ट्रक भरून दुपारी दीडला गाडी हलली. मी तिला तेच सांगितलं.

3:10

हमरस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर वाजवीपेक्षा कितीतरी जास्त ऊस. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर हे रोज दिसतं. दोन्ही बाजूंना कोसभर रांग. पिकअप मध्येच अडकली.

4:00

लाइट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून पाणी नाही. एका बागायतदारानं स्वतःचा टँकर दिला, पैसे घेतले नाहीत. टँकर चुलीच्या मागे उभा केला, कारण नळी तेवढ्याच लांबीची होती. त्याचा कॉक ठिबकत होता. देगेसाठी हातभर खोल चूल खणून कडेला विटा रचल्या होत्या. पाणी हळूहळू त्या मातीत मुरत गेलं. तिथं उभं राहून लक्ष ठेवायला माणूस नव्हता. एक जण भात बघत होता, एक रस्सा, एक मंडप, एक पोरांचे कपडे.

5:30

वायरमन आला, फ्यूज टाकला, लाइट आली. देवळावरचा तारा लागला तेव्हा पोरांनी जो गलका केला, तो ऐकून दिवसभराचा शीण गेला. मेंढपाळ झालेल्या तिघांनी शेतात बसलेल्या धनगरांच्या वाड्यावरून खऱ्या घोंगड्या आणल्या होत्या. अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास. एक कोकरूही आणलं होतं. ते मरियाच्या पदराला तोंड लावत होतं आणि ती त्याला ओरडायच्या ऐवजी वेशीकडे बघत होती.

6:20

लोक येऊ लागले. सरपंच, सप्ताह कमिटी, मुलाणी काकांचं घर, तलाठी भाऊसाहेब. देवळाच्या उजव्या अंगाला शाकाहारी पंगत, डाव्या अंगाला मटणाची.

6:45

पिकअप गावापासून अजून अर्ध्या तासावर. जनरेटरचं डिझेल संपलेलं. देग उतरवायच्या चौघांतले दोघं डिझेल आणायला गेले. दहा मिनिटांत येतो म्हणाले होते.

6:52

लाइट पुन्हा गेली.

7:04

रस्सा खाली लागू लागल्याचा वास आला. थांबलं तर 40 किलो मटण करपणार. हजर असलेल्या दोघांनी कड्यांतून बांबू घातला आणि अंधारात देग उचलायला गेले. टँकरकडच्या बाजूच्या विटा ओल्या मातीत सरकल्या. गोल बुडाची देग एका अंगावर फिरली आणि उकळता रस्सा त्या बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या पायावर आला. एकोणीस वर्षांचा पोर, कॉलेजला आहे, रात्रभर नाताळफेरीत ढोलकी वाजवून सकाळपासून राबत होता. घोट्यापासून पोटरीपर्यंत भाजलं.

आमच्या आशाताई जेवायला आल्या होत्या. त्यांनी त्याला धरून टँकरच्या नळाखाली बसवलं आणि पायावर पाणी सोडलं. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. त्यांनी काहीही लावू दिलं नाही. "वीस मिनिटं नुसतं पाणी. बर्फ नको, काही नको." मग पाय स्वच्छ धुतलेल्या ओल्या कापडात सैल गुंडाळला. प्रत्येक गावात हे माहीत असायला हवं, म्हणून इतकं सविस्तर लिहितो: भाजल्यावर पहिला उपाय वाहतं साधं पाणी, आणि फोड फोडायचे नाहीत.

108ला फोन लागला, पण रुग्णवाहिका दुसऱ्या अपघातावर होती.

7:35

वेशीतून दिवे दिसले. पिकअप. सतरा माणसं उतरली, अंगावर तोडीचेच कपडे, हातापायांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. त्यांना काय झालं ते सांगेपर्यंत चालकानं गाडी वळवली होती. पोराला मागे झोपवलं, सोबत आशाताई आणि पाळकसाहेब, आणि गाडी ग्रामीण रुग्णालयाकडे गेली.

मटण सगळं चिखलात गेलं होतं.

8:00

कार्यक्रम बंद करावा असं मी म्हणालो आणि तीन-चार जणांनी दुजोरा दिला. मावशींना ते पटलं नाही. "ही माणसं चार वाजता पुन्हा जायाची हायेत. त्यांनी पोरांची तोंडं तरी बघावी का न्हाई?" त्यांनी टाळ उचलले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) आमच्या मंडळ्यांना भजन-कीर्तनाच्या चालीत गायला लावलं, याचं मोल मला त्या रात्री कळलं. माइक नाही, दिवे नाहीत, 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक अंधारात कुणाला वाचता येईना. पण टिळकांची पदं म्हाताऱ्यांना तोंडपाठ. सप्ताहाच्या मृदंगवाल्यानं आपणहून साथ धरली. इंग्रजी चालींची गाणी असती तर तो कुठे शिरला असता?

8:30

पंगत बसली, एकच. भाकरी, उसळ, भात, लापशी, ठेचा. आलेल्या प्रत्येकाला पोटभर मिळालं.

8:50

नाटक ट्रॅक्टरच्या हेडलाइटमध्ये झालं. हेरोदाची दाढी निसटली, तरी कुणी हसलं नाही. मरियाची आई पुढच्या रांगेत बसली होती आणि पोर आपली वाक्यं देवदूताकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणत होती. दिग्दर्शन करणाऱ्या बाईंनी तिला तसंच म्हणू दिलं.

रात्री 11:15

पाळकसाहेबांचा फोन. जखम वरवरची आहे, ड्रेसिंग झालं, सकाळी सोडतील. पोरानं रुग्णालयातून विचारलं होतं, नाटक झालं का.

पहाटे 4:00

पिकअप तळाकडे निघाली.

तो पोर आता नीट चालतो. औषधपाण्याचा खर्च मंडळीनं केला आणि तो करायलाच हवा होता. आचाऱ्यानं इसार परत केलेला नाही. पण त्या दिवसाचा दोष मी एकट्या आचाऱ्यावर टाकणार नाही, डीपीवर किंवा उलटलेल्या ट्रॉलीवरही नाही. गावात वीज जाते, रस्ता अडतो, माणूस शब्द फिरवतो; हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. देगेला चार गडी लागतात आणि तिथं दोन होते. मंडपात तेव्हा शंभरावर धडधाकट माणसं बसलेली होती. वाईट कुणीच नव्हतं, पण जेवण तयार होऊन समोर येतं याची सवय सगळ्यांना लागली होती. ती सवय कंत्राटानं लावली आणि एका पोराच्या पायानं तिची किंमत दिली.

जानेवारीच्या वार्षिक सभेत कंत्राट बंद करायचा ठराव झाला. पातेल्यांना कल्हई करून आणली आहे. देगेऐवजी सपाट बुडाची दोन लहान पातेली वापरायची, पक्की चूल बांधायची, आणि चुलीपाशी पोरंटोरं येऊ द्यायची नाहीत, हेही लिहून ठेवलं आहे. तोडीवरच्या माणसांना आणायला या वर्षी पिकअप 24लाच जाईल. खाड्याचे पैसे मंडळी भरणार आहे.

आता पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, सुरतेच्या आपल्या माणसांना विनंती. वर्गणी तुम्ही नेहमीच मोकळ्या हातानं देता, तिचा आधार मोठा आहे. पण या वर्षी 24च्या रात्री येऊ नका. 23च्या सकाळी या, घरातले दोन तरुण सोबत आणा, आणि नव्या कपड्यांबरोबर एक जुना जोडही पिशवीत टाका. चुलीपाशी तुमची गरज आहे.