बोरूपासून बोलोन्यापर्यंत

लेखण्या जमविण्याचा शौक हे परदेशातून आलेले खूळ आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. दासबोधाच्या 19 व्या दशकातला पहिला समास वाचणाऱ्याला ती पटणार नाही. लेखनक्रियेचे निरूपण करताना समर्थ अक्षर वळणदार काढा एवढे सांगून थांबत नाहीत. देशोदेशीचे बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत, नाना रंगांचे असावेत, असे बजावतात. विरक्त पुरुषाला लेखण्यांचा हा सोस कशासाठी? तर पोथी पिढ्यान्‌पिढ्या टिकायची होती. संग्रह हवा होता तो लिहिण्यासाठी.

बोरू ज्याचा त्याने तासावा लागे. टोक झिजले की चाकू काढायचा, पुन्हा कलम करायचे. मोडी लिहिणारा कारकून हात न उचलता ओळ ओढी. शाई संपली म्हणजेच थांबे. या दौतीच्या फेऱ्या चुकविल्या त्या झरणीने. अमेरिकेत वॉटरमनने 1884 साली शाई बेताबेताने उतरविणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले, आणि पुढे आपल्या कचेऱ्यांतही ती खिशाला अडकलेली दिसू लागली. स्वदेशीच्या काळात राजमहेंद्रीच्या रत्नम्‌ यांनी एबोनाइटची लेखणी हाताने कातून बनविली, आणि 1935 साली गांधीजींनी पत्र लिहून आपली पसंती कळविली. शाईची बाजू मुंबईत दांडेकर बंधूंनी सांभाळली. 1931 साली घोडा छापाच्या शाईच्या पुडीपासून व वडीपासून आरंभ करून त्यांनी पुढे ‘कॅमल’ हे नाव घरोघर नेले.

मग इटलीचेच एवढे कौतुक का? माँतेग्राप्पा 1912 ची, तुरीनची अरोरा 1919 ची. पण आमचे लक्ष बोलोन्याकडे अधिक जाते. तेथे आर्मान्दो सिमोनी यांनी 1925 साली ‘ओमास’ काढली. बारा पैलूंची लेखणी ही तिची खूण. सेल्युलॉइडची कांडी महिनोन्‌महिने मुरत ठेवायची, कारण आतला द्रव उडून गेल्याशिवाय कातली तर ती पुढे आक्रसते. मग कातणे, मग हाताने घासून झिलई. आमच्या कातारी लोकांना हे काम परके वाटले नसते. तोच कारखाना 2016 साली बंद पडला. त्याच्या लेखण्यांना आता संग्राहक मोठी किंमत देतात, आणि पुष्कळदा त्यांत शाई भरतच नाहीत. हे आम्हाला रुचत नाही. लेखणीचे टोक हाताच्या वळणाने हळूहळू घासून बसते. न लिहिलेली लेखणी म्हणजे न वाजविलेली सतार.

शिवाय येथे एक अडचण आहे, ती विकत घेणाऱ्याने जाणून असावी. इटलीच्या जुन्या लेखनिकांची तिरपी अक्षरे ज्या रुंद टोकाने निघाली, त्याला ‘इटॅलिक’ म्हणतात. देवनागरी बोरूचा काप नेमका त्याच्या उलट दिशेला असतो. इटॅलिक टोकाने ‘क’ काढून पाहावा. जाड रेघ बारीक होते, बारीक ती जाड. तेव्हा मराठी लिहायचे असेल तर कुशल कारागिराकडून टोक उलट्या बाजूने घासून घ्यावे, नाहीतर साधे गोल टोक पत्करावे.

भातसेच्या धरणाशेजारच्या या वसाहतीत बोरू तासायला शिकायचे असेल, तर एक चाकू आणि एक सरळ कांडी पुरे. मोडीची दफ्तरे पुण्याला लाखांनी पडून आहेत. ती वाचणारा बहुधा आधी ती लिहायला शिकतो.