काचेतील समुद्र आणि चुन्याचा हिशेब

प्रवाळभित्तीचा एक तुकडा घरातील काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची कला आज जगभर रुळलेली असली, तरी तिच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातील पहिली सव्वाशे वर्षे बहुतांशी अपयशाची होती. समुद्री मासे, खेकडे आणि समुद्रपुष्पे टाकीत तग धरीत. परंतु चुनखडीचा सांगाडा रचणारे दगडी प्रवाळ, विशेषतः उष्ण कटिबंधात भित्ती उभारणारे, थोड्याच काळात खुरटून मरत. या अपयशाला साधनांचा अभाव जितका कारणीभूत होता, तितकीच एक समजूतही कारणीभूत होती: पाणी स्थिर राखणे म्हणजे ते जसेच्या तसे राहू देणे. प्रत्यक्षात प्रवाळ पाण्यातून सतत काही घटक काढून घेत असतात आणि ते मोजून परत घातल्याखेरीज पाणी स्थिर राहत नाही, हे उमगण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

समुद्रापासून दूर दगडी प्रवाळ जगवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग लंडनच्या अ‍ॅना थिन यांनी केला. १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून त्यांनी छोटे, पेल्याच्या आकाराचे प्रवाळ आणले आणि त्यांच्यासाठी समुद्राचे पाणी मागवून ते वारंवार बदलण्याचा क्रम ठेवला. पुढे नवे पाणी मिळणे अवघड झाले, तेव्हा खिडकीपाशी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम मोलकरणीकडून रोज करवून घेतले. १८४७ मध्ये त्यांनी भांड्यांत समुद्री वनस्पतीही ठेवल्या, आणि त्यांचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. थंड पाण्यातील या जातीची वाढ अतिशय मंद असल्याने तिची चुन्याची गरज अल्प होती, ही गोष्ट या यशाला पोषक ठरली असावी.

१८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यातील मासे, गोगलगायी आणि वनस्पती यांच्या परस्परपूरकतेवरील निरीक्षणे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. प्राण्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेतात व प्राणवायू परत देतात, त्यामुळे योग्य प्रमाण साधल्यास पाणी बदलावेच लागत नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता. निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने समुद्री टाक्यांची लाट इंग्लंडमधील घराघरांत पोहोचवली, आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. तीत मीठ, मॅग्नेशिअम सल्फेट, मॅग्नेशिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम क्लोराइड होते. चुन्याचे क्षार मात्र वगळले होते, कारण त्यांचे प्रमाण अल्प आहे आणि तळाशी घातलेल्या शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या तुकड्यांतून कार्बोनेटचा पुरवठा होईल, असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज चुकीचा होता, कारण समुद्राच्या वरच्या थरातील पाणी कॅल्शिअम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असते, म्हणजे त्यात सामान्यतः विरघळू शकेल त्याहून अधिक कार्बोनेट असते, आणि तशा पाण्यात शिंपले विरघळत नाहीत.

सार्वजनिक मत्स्यालयांनी स्थैर्याचा दुसरा मार्ग शोधला. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उभारलेल्या मत्स्यालयात प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा जलसाठा तळघरात अंधारात ठेवला होता, आणि वाफेवर चालणारे पंप ते पाणी अहोरात्र फिरवीत असत. साठा मोठा असल्याने कोणताही बिघाड त्यात विरून जाई. याच सुमारास ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या मोहिमेत गोळा झालेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिट्मार यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले की, जगातील समुद्रांची लवणता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, कमीअधिक असले तरी त्या क्षारांतील प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळपास सारखेच असते. पुढे तयार क्षारमिश्रणे याच आधारावर निघाली आणि १९६० च्या दशकात ‘इन्स्टंट ओशन’सारखी मिश्रणे बाजारात आल्यावर किनाऱ्याशी असलेले छंदाचे बंधन सुटले. तथापि समुद्रातील प्रमाणे टिकतात ती त्याच्या अफाट आकारमानामुळे आणि नद्यांच्या अखंड पुरवठ्यामुळे. शेदोनशे लिटरच्या टाकीला यांपैकी काहीच लाभत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला तळाच्या वाळूतून पाणी खेचणारे गाळण रूढ झाले, ज्यात वसलेले जीवाणू माशांच्या उत्सर्जनातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करीत. माशांना ही सोय मानवली, पण या प्रक्रियेत आम्ल तयार होऊन पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, घटत जाई, आणि नेमके तिचेच घटक प्रवाळांना सांगाड्यासाठी लागतात. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी वेगळी वाट दाखवली: भित्तीवरचे जीवजंतूंनी भरलेले खडक, ताजे समुद्रजल, ऊन आणि हवेचे संथ बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले. ‘जिवंत खडकां’ची ही पद्धत अर्थातच भित्तीचे लचके तोडण्यावर अवलंबून होती, आणि भारतात तर २००१ मध्ये दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाल्याने प्रवाळ समुद्रातून उचलण्यास मनाई आहे.

निर्णायक वळण १९७० च्या दशकात जर्मन भाषक छंदिष्टांमध्ये आले. पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा, म्हणजे विरलेल्या चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा, पुरस्कार केला. टाकीतून रोज जेवढे पाणी वाफ होऊन जाते तेवढी निवळी थेंबथेंब सोडली की तीतील कॅल्शिअम प्रवाळांना मिळते आणि हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून बायकार्बोनेट बनते. अशा रीतीने सांगाड्याचे दोन्ही घटक एकाच वेळी पुरवले जातात. मात्र निवळीचा सामू १२ च्या पुढे असल्याने ती एकदम ओतल्यास पाणी दुधाळ होते, म्हणून सावकाश पुरवठा हाच तिचा मुख्य नियम ठरला. बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आदींनी जिवंत खडक, तीव्र प्रकाश, सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र आणि चुन्याची निवळी यांची सांगड घातली, आणि त्यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्या हातोहात इतरांकडे गेल्या.

आता प्रश्न मोजमापाचा होता. नैसर्गिक समुद्रजलात दर लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, तर अल्कलिनिटी सुमारे ७ जर्मन अंश, म्हणजे दर लिटरला अडीच मिलिसममूल्यांच्या आसपास असते. सांगाडा रचताना अल्कलिनिटी एका मिलिसममूल्याने उतरते, तेव्हा कॅल्शिअम केवळ २० मिलिग्रॅमने कमी होते. म्हणजे कॅल्शिअमचा साठा जेमतेम विसाव्या हिश्शाने घटतो, तोवर अल्कलिनिटीचा साठा दोनपंचमांश संपलेला असतो. जाणकार पालक कॅल्शिअमपेक्षा अल्कलिनिटी अधिक वारंवार तपासतात, ते या विषमतेमुळे. मॅग्नेशिअमचे महत्त्व निराळे आहे: दर लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असलेला हा घटक अतिसंपृक्त पाण्यातील चुनखडी आपोआप साक्याच्या रूपाने खाली बसू देत नाही, आणि तो घटला तर घातलेला चुना प्रवाळांपर्यंत न पोहोचता नळ्यांत व पंपांवर जमतो.

प्रवाळ जोमाने वाढू लागले तशी निवळी अपुरी पडू लागली, कारण बाष्पीभवन होते तेवढीच ती घालता येते. १९९० च्या दशकात या अडचणीवर दोन उपाय पुढे आले. ड्युसेलडॉर्फच्या लॉबेके संग्रहालयातील रोल्फ हेबिंगहाउस यांनी बंद नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पाणी आम्लधर्मी करण्याची आणि त्यात मृत प्रवाळांचे तुकडे विरघळवून ते पाणी टाकीला देण्याची रीत रूढ केली. गॉस यांनी शिंपल्यांकडून केलेली अपेक्षा अशा रीतीने पूर्ण झाली, पण त्यासाठी समुद्रापेक्षा वेगळी रासायनिक परिस्थिती घडवावी लागली. हान्स-वेर्नर बालिंग यांनी कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम बायकार्बोनेट यांची द्रावणे स्वतंत्रपणे देण्याची पद्धत मांडली, आणि त्यातून मागे उरणाऱ्या मिठामुळे डिट्मार यांनी दाखवलेली प्रमाणे बिघडू नयेत म्हणून मीठविरहित समुद्री क्षारांचे तिसरे द्रावण जोडले.

छंदातून परिपक्व झालेल्या या रसायनाचा उपयोग पुढे टाकीच्या बाहेरही दिसून आला. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त प्रकल्पात एक कृत्रिम प्रवाळभित्ती होती. तेथील पाण्यातील कॅल्शिअम व कार्बोनेट कमीजास्त करून ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की, भित्तीची वाढ पाण्याच्या कॅल्शिअम कार्बोनेटच्या संपृक्ततेबरोबर वाढते व घटते. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या महासागराच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक क्रांतीपासून सुमारे ०.१ ने उतरला आहे आणि संपृक्तताही घटली आहे. टाकीतील तूट द्रावणे घालून भरून काढता येते. महासागराची तूट तशी भरून काढणे शक्य नसल्याने तेथे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन रोखणे हाच मुख्य उपाय उरतो.